मेरुरज्जूवरील दाब : वेळीच ओळखला तर पाय वाचू शकतात

पाठदुखी आपल्या घरोघरी परिचयाची आहे. शेतीवाडीत राबणारे, लोकलने रोज ये-जा करणारे, कार्यालयात तासन्‌तास खुर्चीवर बसणारे, असे सर्वच जण कधी ना कधी तिच्या तावडीत सापडतात. बहुतेकांची पाठदुखी स्नायूंची अथवा सांध्यांची असते आणि थोडी विश्रांती व योग्य व्यायाम ह्यांनी ती काही आठवड्यांत कमी होते. त्यामुळे पाठ दुखू लागली की घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु थोड्या रुग्णांमध्ये ह्या दुखण्यामागे निराळे कारण दडलेले असते. कण्याच्या आतील पोकळीत, मात्र मेरुरज्जूच्या बाहेर, एखादी गाठ वाढते किंवा पू अथवा रक्त साचते आणि त्याचा दाब मेरुरज्जूवर पडू लागतो. हा दाब वेळीच दूर झाला तर रुग्ण पुन्हा चालू लागण्याची चांगली आशा असते. उशीर झाला तर पाय कायमचे निकामी होण्याची भीती असते. म्हणूनच ह्या विकृतींची ओळख वाचकांना सोप्या शब्दांत करून देण्याचे आम्ही योजले आहे.

कण्याच्या आतील रचना

आपला कणा एकावर एक रचलेल्या मणक्यांचा बनलेला असतो. मानेत ७, छातीच्या मागे १२ आणि कमरेत ५ मणके असतात. त्यांच्या खाली माकडहाडाकडे गेलेले मणके एकमेकांस जुळलेले असतात. प्रत्येक मणक्याचा पुढचा भाग भरीव असून त्याच्या मागे हाडाची कमान असते. ह्या कमानी एकाखाली एक आल्यामुळे जी लांबट पोकळी तयार होते, तिला मेरुनलिका म्हणतात. मेंदूपासून निघालेला मेरुरज्जू ह्या नलिकेतून खाली उतरतो. प्रौढ माणसात त्याची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर असते आणि जाडी साधारणपणे करंगळीएवढी असते. हातापायांना हालचालीची आज्ञा पोहोचवणारे आणि त्वचेवरील स्पर्श, वेदना, उष्णता ह्यांची वार्ता मेंदूकडे नेणारे सर्व तंतू ह्याच बारीक दोरीतून जातात.

येथे एक गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे महत्त्व दिसणार आहे. मेरुरज्जू कण्याच्या तळापर्यंत जात नाही. कमरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्यापाशीच तो संपतो. त्याच्या खाली नलिकेत असतो तो केवळ मज्जातंतूंचा झुपका. घोड्याच्या शेपटीसारखा दिसत असल्यामुळे वैद्यकशास्त्रात त्याला तसेच नाव मिळाले आहे.

मेरुरज्जूभोवती तीन आवरणे असतात. सर्वांत बाहेरचे आवरण जाड व चिवट असते. डॉक्टर त्याला ड्यूरा म्हणतात. त्याच्या आत दोन नाजूक पडदे असून त्यांच्यामधील जागेत पाण्यासारखा स्वच्छ द्रव खेळत असतो. ड्यूरा आणि हाड ह्यांच्यामध्येही थोडी जागा उरते. तेथे चरबी व शिरांचे जाळे असते.

आत की बाहेर?

मेरुनलिकेत होणाऱ्या विकृतींचे डॉक्टर जागेनुसार तीन गट करतात. पहिला गट ड्यूराच्या बाहेरचा. क्षयाचा पू, अन्य अवयवांतून पसरलेला कर्करोग, सरकलेली गादी आणि साचलेले रक्त ह्यांचा त्यात समावेश होतो. दुसरा गट ड्यूराच्या आत, पण मेरुरज्जूच्या बाहेर वाढणाऱ्या गाठींचा. तिसरा गट प्रत्यक्ष मेरुरज्जूच्या आत उद्‌भवणाऱ्या विकृतींचा. आमच्या ह्या लेखाचा विषय पहिल्या दोन गटांपुरता मर्यादित आहे.

आत आणि बाहेर ह्या भेदाला इतके महत्त्व का, असे वाचक विचारतील. मेरुरज्जूच्या आत वाढणारी गाठ तंतूंच्या मधूनच वाट काढते. ती काढताना शल्यविशारदाला त्याच तंतूंमधून जावे लागते. बाहेरची गाठ मात्र मेरुरज्जूला बाजूला ढकलते आणि चेपते. प्रथम बारीक शिरांतील रक्ताचा निचरा अडतो व मेरुरज्जूला सूज येते. मग तंतूंवरील वेष्टनाला इजा होऊन संदेशांचे वहन मंदावते. ह्या टप्प्यापर्यंत पेशी बहुधा जिवंत असतात, त्यामुळे दाब निघाला की काम पुन्हा सुरू होऊ शकते. दाब तसाच राहिला तर पुढे रक्ताचा पुरवठा तुटतो आणि पेशी मरतात. मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. हे दोन टप्पे किती अंतराने येतील, ते कारणावर अवलंबून असते. सावकाश वाढणाऱ्या गाठीखाली मेरुरज्जू फितीसारखा चपटा होऊनही अनेक महिने तग धरतो. पू किंवा रक्त वेगाने साचले तर काही तासांतच सारे संपू शकते.

लंडनमधील एक शस्त्रक्रिया

ह्या विषयाचा इतिहास सांगताना १८८७ सालची एक घटना आवर्जून सांगितली जाते. लंडनमध्ये सुमारे ४२ वर्षांचा एक कॅप्टन पाठीच्या वेदनेने त्रस्त होता. १८८४ पासून त्याच्या डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली दुखत असे. अनेक डॉक्टर झाले, हवापालट झाला, परंतु नेमके निदान होईना. १८८७ उजाडल्यावर त्याच्या पायांतील शक्ती झपाट्याने गेली आणि लघवीवरील ताबाही सुटला. त्या जून महिन्यात ख्यातनाम मज्जातंतुतज्ज्ञ विल्यम गॉवर्स ह्यांनी त्याला तपासले आणि मेरुरज्जूवर बाहेरून गाठीचा दाब पडत असावा, असा निष्कर्ष काढला. त्यांनी तरुण शल्यविशारद व्हिक्टर हॉर्सली ह्यांना पाचारण केले. ९ जून रोजी शस्त्रक्रिया झाली.

त्या काळी क्ष-किरणांचाही शोध लागला नव्हता, तो १८९५ साली लागला. पायांतील जोर कोठून कमी झाला, बधिरता कोठपर्यंत चढली, वेदना कोठे आहे, एवढ्याच खुणांवरून गाठीची जागा ठरवायची होती. हॉर्सली ह्यांनी मणक्यांच्या कमानी काढून ड्यूरा उघडला, पण तेथे गाठ दिसली नाही. तेव्हा आणखी वरच्या बाजूला हाड काढण्यात आले. तेथे बदामाच्या आकाराची गाठ मेरुरज्जूला चेपून बसलेली आढळली. ती अलगद निघाली. पुढील काही महिन्यांत रुग्णाच्या पायांत हळूहळू बळ आले आणि वर्षभराने तो चालत होता व दिवसभराचे काम करीत होता. मेरुनलिकेतील गाठ अचूक ओळखून यशस्वीपणे काढल्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते. गॉवर्स आणि हॉर्सली ह्यांनी १८८८ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

ह्या घटनेतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पाय पूर्ण लुळे पडल्यावरही, दाब लवकर काढला गेल्यामुळे ते परत आले, ही पहिली. गाठ अपेक्षेपेक्षा वर सापडली, ही दुसरी. बधिरता शरीरावर जेथपर्यंत जाणवते, तिच्या बऱ्याच वर मूळ कारण असू शकते. आजच्या रुग्णांच्या बाबतीतही हे तितकेच खरे आहे.

चप्पल निसटू लागते तेव्हा

मेरुरज्जूवरील दाबाची पहिली खूण बहुधा वेदना ही असते. साधी पाठदुखी आडवे झाल्यावर कमी होते. ही वेदना मात्र अनेकदा रात्री झोपल्यावर वाढते व रुग्णाला जागे करते. छातीच्या भागात दाब असेल तर छातीभोवती किंवा पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते. अशा वेळी हृदयाच्या, पित्ताशयाच्या किंवा जठराच्या तपासण्या होत राहतात आणि कण्याकडे लक्ष जात नाही.

त्यानंतर पायांत बदल दिसतात. पाय जड वाटतात, जिना चढताना गुडघे दुमडतात, चालताना पाय ताठ पडतात. आपल्याकडील डॉक्टर रुग्णाला हमखास एक प्रश्न विचारतात : 'पायातली चप्पल निसटते का?' चप्पल निसटते आणि ते कळते, तर पायांत अशक्तपणा आला असण्याचा संभव असतो. चप्पल निसटून मागे राहिली तरी कळत नाही, तर संवेदनाही कमी झाली असे समजावे. अंधारात किंवा डोळे मिटून तोंड धुताना तोल जाणे हीदेखील अशीच खूण आहे.

शेवटी लघवी व शौच ह्यांवरील ताबा जातो. लघवी तुंबते किंवा नकळत होते. मांड्यांच्या आतल्या बाजूला व बसण्याच्या जागी बधिरता येते. संकोचापोटी, विशेषतः स्त्रिया व वृद्ध माणसे, ही गोष्ट घरातही सांगत नाहीत. आमची कळकळीची विनंती आहे, की हा संकोच बाजूला ठेवावा. ही लक्षणे दिसू लागली, की एक दिवसही थांबू नये.

तपासणी कोणत्या भागाची?

१९२० च्या दशकाच्या आरंभी फ्रान्समधील सिकार आणि फॉरेस्तिये ह्यांनी आयोडीनयुक्त तेल टोचून क्ष-किरणांवर मेरुनलिकेतील अडथळा दाखवण्याची पद्धत आणली. आज त्या जागी एमआरआय तपासणी आली आहे. ह्या तंत्राच्या पायाभूत संशोधनाबद्दल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड ह्यांना २००३ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. मेरुरज्जू, त्याची आवरणे, त्यांतील द्रव आणि गाठ हे सर्व एमआरआयमध्ये स्पष्ट दिसते. साध्या क्ष-किरण चित्रात केवळ हाड दिसते, त्यामुळे 'एक्स-रे चांगला आला' एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

तथापि एमआरआय काढूनही दोष सुटून जाण्याची एक वाट आहे. रुग्ण म्हणतो, पाय दुखतात, पाय उचलत नाहीत. पायांचे दुखणे म्हणजे कमरेचे, असे समजून केवळ कमरेचा एमआरआय काढला जातो. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांच्या कमरेत थोडी झिजलेली गादी दिसतेच. तिच्यावर दोष ठेवून उपचार सुरू होतात. प्रत्यक्षात मेरुरज्जू कमरेच्या वरच्या टोकाशीच संपतो, हे आपण वर पाहिले. छातीच्या किंवा मानेच्या मणक्यांपाशी बसलेली गाठ त्या चित्रात येतच नाही. म्हणून पाय ताठ होत असतील, तोल जात असेल किंवा छाती-पोटावर बधिरता असेल, तर 'संपूर्ण कण्याची तपासणी करण्याची गरज आहे का?' असे डॉक्टरांना नम्रपणे जरूर विचारावे.

आवरणाच्या आतील गाठी

ड्यूराच्या आत व मेरुरज्जूच्या बाहेर आढळणाऱ्या गाठी बहुतांशी कर्करोगाच्या नसतात. त्यांपैकी दोन प्रकार प्रमुख आहेत. मज्जातंतूच्या वेष्टनापासून उगवणारी गाठ म्हणजे श्वानोमा. एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञ थिओडोर श्वान ह्यांनी वर्णिलेल्या पेशींवरून हे नाव पडले. आवरणापासून उगवणारी गाठ म्हणजे मेनिंजिओमा. हे नाव अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग ह्यांनी १९२२ साली दिले. कण्यातील मेनिंजिओमा पुरुषांपेक्षा स्त्रियांत बराच अधिक आढळतो, तोही मध्यम वयानंतर आणि बहुतेक वेळा छातीच्या मणक्यांपाशी. घरातील आजी किंवा आई 'पायात बळ राहिले नाही' असे सांगू लागली, की आपण सहज 'वय झाले' म्हणून मोकळे होतो. त्या अशक्तपणामागे अशी गाठही असू शकते.

ह्या गाठींवरील मुख्य उपचार शस्त्रक्रिया हा होय. मणक्याच्या मागील कमानीचा भाग काढून, सूक्ष्मदर्शकाखाली ड्यूरा उघडून गाठ सोडवली जाते. अनेक केंद्रांत शस्त्रक्रिया चालू असताना तंतूंचे वहन यंत्रावर तपासत राहण्याची सोयही असते. गाठ पूर्ण निघाली तर ती पुन्हा उद्‌भवण्याचा धोका बहुधा कमी असतो. 'पाठीचे ऑपरेशन केले की माणूस अपंग होतो' असा एक समज आपल्यात खोलवर रुजलेला आहे. कोणतीही शस्त्रक्रिया धोक्याविना नसते, हे खरे. परंतु दाब वाढवणारी गाठ तशीच ठेवणे हाच अपंगत्वाकडे जाणारा अधिक खात्रीचा मार्ग असतो. दुसऱ्या कारणासाठी केलेल्या तपासणीत एखादी लहान गाठ सापडली आणि काही त्रास नसेल, तर ठरावीक काळाने एमआरआय करून तिच्यावर लक्ष ठेवणेही योग्य ठरते.

क्षय : आपल्या देशातील मोठे कारण

आपल्याकडे कण्याचा विचार क्षयरोगाविना पूर्ण होत नाही. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. क्षय केवळ फुप्फुसांचा नसतो. हाडासांध्यांच्या क्षयापैकी जवळजवळ निम्मा कण्यात असतो. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट ह्यांनी १७७९ साली कण्याचा बाक आणि पायांचा लुळेपणा ह्यांचा संबंध वर्णिला, म्हणून ह्या रोगाला पॉटचा रोग असेही म्हणतात. क्षयाचे जंतू रक्तावाटे मणक्यात येतात, लगतचे दोन मणके व मधली गादी पोखरतात आणि तेथे पू साचतो. हा पू आणि रोगट मांस ड्यूराच्या बाहेर जमून मेरुरज्जूला दाबतात. मणका ढासळला तर पाठीला कुबड येते आणि हाडाचाही दाब पडतो. संध्याकाळी येणारा बारीक ताप, घटणारे वजन, मंदावलेली भूक आणि महिनोन्‌महिने न हटणारी पाठदुखी ह्या त्याच्या खुणा होत. मात्र खोकला नसतो, म्हणून क्षयाची शंकाच येत नाही.

येथे विशेष सावधगिरीचा इशारा द्यावासा वाटतो. अशी पाठ घेऊन मणका बसवणाऱ्याकडे जाणे, पाठीवर पाय देऊन चोळून घेणे किंवा झटके देऊन कणा मोकळा करून घेणे अत्यंत घातक ठरू शकते. पोखरलेला मणका त्या जोराने ढासळू शकतो.

सुदैवाने ह्या रोगावर औषधे आहेत. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठातील अस्थिशल्यविशारद डॉ. एस. एम. तुली ह्यांनी १९७५ साली 'मध्यम मार्गा'च्या उपचारपद्धतीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वच रुग्णांवर सरसकट शस्त्रक्रिया न करता प्रथम औषधे व विश्रांती द्यावी आणि ज्यांची सुधारणा होत नाही किंवा ज्यांचा लुळेपणा वाढतो, त्यांच्यावर शस्त्रक्रिया करावी, असे ह्या पद्धतीचे सार आहे. पाय लुळे पडलेले अनेक रुग्ण केवळ औषधांनी पुन्हा चालू लागतात, हे भारतीय डॉक्टरांनी जगाला दाखवून दिले.

औषधे सुरू करण्यापूर्वी शक्य तेथे सुईने नमुना घेऊन जंतूंची तपासणी करणे हिताचे असते, कारण काही जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. कण्याच्या क्षयाचे उपचार फुप्फुसांच्या क्षयापेक्षा अधिक काळ, सामान्यतः किमान १२ महिने, चालतात. दुखणे दोन महिन्यांत कमी होते व रुग्ण गोळ्या सोडतो, हा मोठा धोका आहे. सरकारी केंद्रांत ही औषधे मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत असत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये करण्यात आली आहे.

कर्करोग, पू आणि रक्तस्राव

स्तन, फुप्फुस, पुरःस्थ ग्रंथी अशा अवयवांतील कर्करोग मणक्यांत पसरून ड्यूराबाहेर दाब निर्माण करू शकतो. ज्याला पूर्वी कर्करोग झालेला आहे, अशा व्यक्तीला नव्याने पाठदुखी सुरू झाली, तर ती साधी मानू नये. स्टेरॉइड, किरणोपचार आणि निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया, असे त्यावरील उपचार आहेत. २००५ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात १०१ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया व किरणोपचार दोन्ही मिळालेल्यांपैकी ८४ टक्के उपचारांनंतर चालू शकत होते. केवळ किरणोपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ५७ टक्के होते. मूळ रोग पूर्ण बरा होणार नसला, तरी उरलेले आयुष्य स्वतःच्या पायांवर काढता येणे ही रुग्णाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. उपचार सुरू होताना जो चालत असतो, त्याचे चालणे टिकण्याचा संभव सर्वाधिक असतो.

क्षयाखेरीज इतर जंतूंमुळेही ड्यूराबाहेर पू साचतो. मधुमेही, डायलिसिसवरील व प्रतिकारशक्ती कमी झालेल्या रुग्णांना हा धोका अधिक असतो. तीव्र पाठदुखी, ताप आणि त्यापाठोपाठ पायांतील अशक्तपणा असा त्याचा क्रम असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये क्वचित अचानक रक्तस्राव होऊन काही तासांत पाय जातात. ह्या दोन्ही प्रसंगी दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब असतो.

कुटुंबीयांनी काय करावे?

पायांत जोर कमी होत असेल, बधिरता वर चढत असेल, तोल जात असेल किंवा लघवी-शौचाची तक्रार असेल, तर मालीश, शेक, पट्टा, वेदनाशामक गोळ्या ह्यांत वेळ घालवू नये. मेंदू व मज्जातंतूंचे शल्यविशारद अथवा कण्याचे तज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी जावे. दुखणे कधी सुरू झाले, चप्पल केव्हापासून निसटते, आधी क्षय वा कर्करोग झाला होता काय, कोणती औषधे चालू आहेत, हे कागदावर लिहून न्यावे. जुने अहवाल व एमआरआयची चित्रे सोबत ठेवावीत.

शस्त्रक्रियेनंतर किंवा औषधे सुरू झाल्यानंतर सुधारणा हळूहळू होते. तिला आठवडे, कधी महिने लागतात. ह्या काळात फिजिओथेरपी चालू ठेवावी. जे रुग्ण अंथरुणावर आहेत, त्यांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी, नाहीतर दाबाच्या जागी जखमा होतात. लघवीच्या नळीची स्वच्छता कसोशीने पाळावी. हे काम बहुधा घरातील एकाच व्यक्तीवर पडते. नातेवाईक व शेजाऱ्यांनी आळीपाळीने ते वाटून घेतले, तर रुग्णाची सेवा नीट होते आणि सेवा करणाराही थकून जात नाही.

प्रत्येक पाठदुखीमागे असा रोग नसतो, हे आम्ही पुन्हा एकदा सांगतो. परंतु आपल्या घरात किंवा शेजारी कोणी पाठीच्या दुखण्यासह पाय ओढत चालताना दिसले, तर त्या व्यक्तीला दोन प्रश्न अवश्य विचारा : 'चप्पल निसटते का? लघवीला काही त्रास आहे का?' उत्तर होकारार्थी आले तर त्याच दिवशी सोबत जाऊन त्यांना रुग्णालयात पोहोचवा.